पेपर तपासा, पण वाचू नका

चौथीच्या विज्ञानाचे पेपर तपासायला बसलात? उत्तरसूची समोर उघडा आणि डोकं खणात ठेवून द्या. 'पुराव्यासह मत मांडा' असा एखादा प्रश्न हल्ली घालावाच लागतो. घाला की. फक्त त्याचं उत्तर एकच ठेवा, म्हणजे गठ्ठा भराभर उरकतो.

उत्तरात 'कारण' हा शब्द शोधा. दिसला की बरोबरची खूण. 'खिळा बुडतो, कारण तो बुडणारा असतो' हेही चालेल. कारण दिलंय ना!

वळणदार अक्षराला पुरावा लागत नाही.

गुणदानाचा तक्ता मात्र हवाच. 'थोडा पुरावा' एक गुण, 'पुरेसा' दोन, 'उत्तम' तीन. थोडा कुठे संपतो आणि पुरेसा कुठे सुरू होतो, असं कुणी विचारलं तर पुढचा गठ्ठा उघडा.

आणि पोराने स्वतः केलेला प्रयोग लिहिलाय असं दिसलं, तर लाल पेन घट्ट धरा. माझ्या भाचीने हाच गुन्हा केला. प्रश्न होता, 'बी रुजायला प्रकाश लागतो का?' तिने दहा बिया ओल्या कापसावर ठेवल्या, पाच खिडकीत आणि पाच बंद कपाटात. पाणी दोन्हीकडे सारखं. सहाव्या दिवशी इकडे चार रुजल्या, तिकडेही चारच. तिने लिहिलं, 'म्हणून या बियांना रुजायला प्रकाश लागला नाही. कपाटातले कोंब पिवळे होते.' शेरा आला : 'वनस्पतींना प्रकाश लागतो. धडा नीट वाचणे.' गुण शून्य.

अहो, प्रश्न रुजण्याचा होता! प्रकाश लागतो तो पानांना अन्न तयार करायला. रुजणाऱ्या बीची शिदोरी तिच्या आतच बांधलेली असते. पाणी, हवा, ऊब मिळाली की बहुतेक बिया अंधारातही रुजतात. मातीत बी पुरताना आपण सोबत दिवा पुरतो का? लेट्यूससारख्या काहींच्या बियांना उजेड लागतो, हे खरं. पण पोरीने 'या बियांना' लिहिलंय, 'सगळ्या बियांना' नाही. हा एक शब्द भल्याभल्यांना सुचत नाही. न रुजलेली एकेक बीसुद्धा तिने लपवली नाही.

गुण कापायचाच होता, तर जागा होती की. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्येच युक्तिवाद सुटा करून दाखवला : दावा, पुरावा आणि पुराव्यावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा. तिचा तो दुवा राहिला. अंधारात बी रुजलं तरी कसं, हे तिने लिहिलं नाही. पाच-पाच बिया म्हणजे कमीच, असंही म्हणता आलं असतं. अर्धा गुण कापा, समासात 'का?' एवढंच लिहा, मी तुमच्या पाया पडेन. पण त्यासाठी उत्तर वाचावं लागतं.

पेपर हातात घेऊन ती मला विचारत होती, 'मग कपाटातल्या बिया चुकल्या का?' काय सांगू तिला? पुढच्या परीक्षेत ती धड्यातलं वाक्य उतरवून काढेल आणि तुम्ही पैकीच्या पैकी द्याल. लाज वाटायला हवी. पुरावा मागायचा आणि तो आणून दिला की त्यावर फुली मारायची? परत घ्या तो पेपर आणि या वेळी वाचून तपासा.