गांजाचा कायदा आणि वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब

'अमेरिकेत औषधी गांजाला परवानगी मिळाली आणि ओपिऑइडच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले' हा मजकूर अजूनही आपल्या ग्रुपांवर फिरतोय. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनसारखी, अफूच्या जातीची कडक वेदनाशामकं. आकडा खोटा नाही. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे तो. १९९९ ते २०१० या काळात असा कायदा असलेल्या राज्यांत हा मृत्युदर सरासरी २४.८ टक्क्यांनी कमी दिसला होता.

पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच पद्धतीने हिशेब २०१७ पर्यंत नेला आणि चित्र पार उलटलं. मृत्युदर २२.७ टक्क्यांनी जास्त! म्हणजे गांजाने माणसं मारली असं नव्हे, तसं त्यांनीही म्हटलेलं नाही. राज्याच्या सरासरीवरून एकेका रुग्णाचं काय झालं ते कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मधल्या काळात आधी हेरॉइन आणि मग फेंटानिल हे त्याहूनही जहाल कृत्रिम ओपिऑइड आलं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्यांपेक्षा रस्त्यावरचा माल जास्त बळी घेऊ लागला.

गांजाच्या कायद्यानंतर डॉक्टरांच्या ओपिऑइडच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, हे मला पटतं. मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याच्या औषधयोजनेतल्या वयस्कर रुग्णांच्या २०१० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या गेल्या. एका राज्यात वर्षाला सरासरी ओपिऑइडचे २ कोटी ३० लाख दैनंदिन डोस जात. औषधी गांजाचा कायदा असलेल्या राज्यांत ते सुमारे २१ लाखांनी कमी होते, आणि जिथे गांजाची अधिकृत दुकानं प्रत्यक्ष उघडली तिथे सुमारे ३७ लाखांनी. कंबरदुखीने वर्षानुवर्षं पिचलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरा पर्याय मिळत असेल तर तो मिळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. फक्त तिथे डॉक्टर शिफारसपत्र देतो. कोणता प्रकार, किती घ्यायचा, हे बहुतेकदा दुकानातच ठरतं. हे मला अजिबात पसंत नाही.

पण ज्याला ओपिऑइडचं व्यसन लागलंय, त्याचा जीव यातून वाचत नाही. त्यासाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही परिणाम सिद्ध झालेली औषधं आहेत. आणि ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला अमेरिकेतल्या डॉक्टरांना २०२२ च्या अखेरपर्यंत वेगळी परवानगी लागायची! संताप येतो तो याचा.

हा युक्तिवाद उचलून भारतात आणणाऱ्यांना माझा विरोध आहे. तिकडे गोळ्या नको इतक्या वाटल्या गेल्या. आपल्याकडे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस मॉर्फिनवाचून तळमळतो. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने मॉर्फिनचा कच्चा माल असलेली अफू पिकते, २०१४ मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा सुधारून मॉर्फिनचे परवाने सोपे केले गेले, तरी ही परिस्थिती आहे. 'ओपिऑइड वाईट, गांजा चांगला' असं इथे पसरवलं तर त्या रुग्णाचे नातेवाईक मॉर्फिनला आणखी घाबरतील.

तुमच्या जिल्ह्यात तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन कुठे मिळतं हे कुणाला खात्रीने माहीत असेल तर खाली लिहा. मी यादी करतेय.