ठेव, मी बघतो

मे महिन्यात सावद्याला जाऊ नये, आणि गेलोच तर मामाला आपण कॉम्प्युटरमध्ये आहोत याची आठवण करून देऊ नये. मी दोन्ही चुका एकाच दुपारी केल्या. हिवाळा असता तर निदान बामणोदच्या वांग्यांचं भरीत तरी पदरात पडलं असतं.

मामाचा केळीचा व्यापार. वखारीच्या मागच्या खोलीत लिनक्सवर चालणारा जुना सर्व्हर, पुढे काट्यापाशी बिलाचा कॉम्प्युटर. दुखणं असं की बारकं बिल झटक्यात जायचं, पण महिन्याचा हिशोब पाठवला की अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. पिंग, म्हणजे "आहेस का?" विचारणारी चिमुकली चाचणी, मात्र ठणठणीत. पण पिंगचं काय, पाहुणाही फोनवर "निघालोच" म्हणतो. पानं वाढल्यावर कळतं खरं काय ते.

केबल बदलली. स्विच बदलला. मामाने सर्व्हरपुढे उदबत्ती लावली. बाहेर 45 अंश, आणि कूलरमध्ये पाणी भरायचं काम मामेभावाकडे. तो "ठेव, मी बघतो" म्हणून सकाळीच गावात गेलेला.

शेवटी माहितीची येती-जाती पाकिटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला आणि हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. सर्व्हरकडून निघणाऱ्या बहुतेक पाकिटांपुढे लिहिलेलं: चेकसम (माल शाबूत पोचला का ते ताडायची बेरीज) चुकीचा. सापडला चोर! त्या चोरामागे मी दोन तास आणि पाच कप चहा घालवले. मग आठवलं की हा चोर नाहीच. हल्ली चेकसमची बेरीज नेटवर्क कार्ड स्वतः करतं, आणि टीसीपीडम्प पाकीट बघतो ते कार्डापर्यंत पोचण्याआधी. काट्यावर जायच्या आधीच ट्रक अडवून "वजनाची पावती कुठंय?" म्हणून ओरडण्यातला प्रकार. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. दर वेळी नव्याने माहीत होतं.

खरा घोळ पुढे होता. लॉग उघडला तर कार्डाची पाठवायची रांग तुंबतेय, आणि ड्रायव्हर दर वेळी कार्डाला हलवून जागं करतोय.

"मले समजीन असं सांग," मामा म्हणाला.

म्हटलं, "मामा, तारेवरून एका खेपेला 1500 बाइट जातात. पूर्वी मोठा माल कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कापायचा. आता तो जवळपास 64 केबीचा अख्खा घड कार्डाच्या अंगावर टाकतो. फण्या कार्डाने पाडायच्या, चिठ्ठ्या त्यानेच लावायच्या. चाळीस-पंचेचाळीस फण्या होतात. याला टीएसओ म्हणतात."

"आन् हे कार्ड?"

"'ठेव, मी बघतो' म्हणतं. दहा-बारा फण्या पाडतं आणि झोपतं."

मामाने दाराकडे पाहिलं. मामेभाऊ अजून आला नव्हता.

इथटूल नावाचं अवजार आहे. मी आधी कार्डाची सगळी मदत बंद केली, हिशोब सरळ गेला. मग एकेक सवलत चालू करत गेलो. टीएसओ चालू केल्याबरोबर गाडी पुन्हा रुतली. ते तेवढं बंद ठेवलं. आता फण्या कर्नल पाडणार, प्रोसेसरला थोडा घाम येणार, इतकंच.

"मंग त्या कार्डाचे पैसे कायचे दिले?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामीने शेवभाजी वाढली म्हणून वाचलो.

जळगावला पोचतो न पोचतो तोच फोन. लाइट गेली होती, सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला होता, आणि उठताना टीएसओ घेऊनच उठला होता. इथटूलने केलेला बदल पुढच्या बूटपर्यंतच टिकतो. तो सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालायचा असतो. (घातला नव्हता. शेवभाजी.)

"मामा, मी सांगतो तसं टाइप करा. इथटूल, स्पेस, आडवी रेघ, के. के मोठा हं. लहान के नुसता दाखवतो, बदल मोठा के करतो."

बराच वेळ शांतता.

"भाचेबुवा, के मोठा केला. पार पडदाभर झाला. आता काय करू?"

मामाने अक्षरांचा आकार वाढवला होता. मागून मामेभावाचा आवाज आला, "ठेवा बाबा, मी बघतो."

मी परतीची गाडी पकडली.