आरसे मिटून घ्या

दक्षिण स्पेनमधल्या आर्कोस दे ला फ्रोन्तेरा या गावात गेलात तर चर्च नंतर बघा, आधी भिंती बघा. सगळी घरं चुन्याने पांढरीशुभ्र, पण गल्ली जिथे वळते तिथे कमरेच्या उंचीवर आडव्या रेघोट्या. लाल, निळ्या, चंदेरी आणि एक चक्क मेंदी रंगाची. युरोपात सध्या कुठल्या रंगाच्या गाड्या खपतात हे बघायला याहून चांगली जागा नाही. गाव चुना मारून रेघा झाकतं आणि पर्यटक इमानेइतबारे नव्या मारतात.

अंदालुसियाच्या डोंगरांत अशी पांढरी गावं विखुरलेली आहेत आणि ती भाड्याच्या गाडीने हिंडून बघायची, ही कल्पना आमच्या हिची. तिने फोटो पाहिले होते. फोटोत रस्ता मोकळा असतो, छोटी गाडी असते, बाईचा स्कार्फ वाऱ्यावर उडत असतो. फोटोत मागच्या सीटवर कोणाची आई नसते.

गाडी ही चालवणार, नकाशा मी बघणार आणि आई मागे बसून देवाचं नाव घेणार, अशी वाटणी ठरली. गाडी देणाऱ्या पोराने इन्शुरन्सचे प्रकार समजावून सांगितले. कुठली गावं बघणार म्हणून विचारलं, आम्ही यादी वाचली, तेव्हा त्याने कागद परत स्वतःकडे ओढला आणि सगळ्यात महागड्या प्रकारावर गोल केला.

तिकडे स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे सुरुवातीला हिचा डावा हात गिअर शोधत दारावर आपटायचा. त्यात आमच्या घरच्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला, या गाडीत डाव्या. वळायचं ठरलं की लख्ख उन्हात वायपर सुरू. मागच्या गाड्या आम्हाला भरपूर अंतर ठेवून चालत होत्या. हायवेवर याचा फायदाच झाला. खरी परीक्षा गावात.

या गावांची रचनाच मुळी परक्याला आत येऊ न देण्यासाठी झालेली. ७११ साली अरब आणि बर्बर फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरल्या. (साधारण त्याच सुमाराला मुहम्मद बिन कासिम इकडे सिंधमध्ये पोचला होता.) तेव्हापासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत या ना त्या भागात मुसलमानी राज्य होतं. त्यातल्या शेवटच्या दोन-अडीचशे वर्षांत ख्रिस्ती कास्तिल आणि ग्रानादा यांच्यातली सरहद्द याच डोंगरांतून जायची. गावांच्या नावांना लागलेलं ‘दे ला फ्रोन्तेरा’ हे शेपूट त्या सरहद्दीचंच. गाव कड्यावर, वर किल्ला, आणि गल्ल्या अरुंद, नागमोडी. उन्हाळ्यात सावली राहावी आणि शत्रू आत घुसलाच तर त्याला पुढचं काही दिसू नये. आठशे वर्षांनंतर माझ्या मोबाइलवरच्या बाईलाही पुढचं काही दिसत नव्हतं. “शंभर मीटरवर उजवीकडे वळा,” असं ती ठामपणे म्हणाली. उजवीकडे जिना होता. जिन्यावर जिरेनियमच्या कुंड्या आणि एक मांजर.

आर्कोसमध्येच माझी बढती झाली. एका गल्लीत गाडी अडली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. हिने काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, “अहो, उतरा आणि आरसे मिटून घ्या.” दार जेमतेम वीतभर उघडत होतं. मी पोट आत घेऊन बाहेर पडलो, दोन्ही आरसे मिटले आणि भालदार-चोपदारासारखा गाडीपुढे उलटा चालू लागलो. “ये, ये, ये, बास! डावी घे. माझी डावी!” एका दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांनी, गाडीला वाट मिळावी म्हणून, पाय जमिनीवरून उचलून धरले. आम्ही गेल्यावर खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. रोजचाच व्यायाम असावा.

ग्राथालेमा मात्र सुखाचं निघालं, कारण गाडी गावाबाहेर लावता आली. हा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक, वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर. हॉटेलवाल्याने हा आकडा असा काही सांगितला की आईने हातातला चमचा खाली ठेवून त्याला महाबळेश्वरबद्दल ऐकवलं. मी भाषांतर केलं नाही.

तिथून साहारा नावाच्या गावाला जाणारा घाट म्हणजे वळणावर वळण. खिंडीचं नाव कबुतरांची खिंड आणि डोक्यावर घिरट्या घालतात गिधाडं, हे आईला आवडलं नाही. साहाराचा किल्ला लांबूनच सुळक्यावर दिसतो, खाली हिरवंनिळं धरण. १४८१ च्या डिसेंबरात ग्रानादाच्या सुलतानाने हा कास्तिलच्या ताब्यातला किल्ला रात्रीत छापा घालून घेतला आणि त्यातूनच शेवटचं मोठं युद्ध पेटलं. एवढा अवघड किल्ला एका रात्रीत कसा घेतला, याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. त्यांच्याबरोबर गाडी नव्हती.

शाकाहाराचं दुःख थोडक्यात सांगतो. “मांस नको” म्हटलं की ते मान डोलावतात आणि टोमॅटोच्या गार सूपवर हॅमचे तुकडे पेरून आणतात. हॅमला ते मांसात धरत नाहीत, मिठासारखं काहीतरी समजतात. शिवाय दुपारी जेवणाची वेळ चुकली तर स्वयंपाकघर बंद, ते थेट रात्री साडेआठ-नऊला उघडणार. अशाच एका रात्री, पार कळवळल्यावर, मातीच्या वाडग्यात पालक आणि छोले आले. आईने एक घास घेतला, डोळे बारीक केले. “जिरं आहे यात.” आणि मग सगळा वाडगा पुसून खाल्ला. ज्या मुसलमानांच्या स्वयंपाकातून हे जिरं इथे रुजलं त्यांच्या वंशजांना, धर्म बदललेला असूनही, १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने देशाबाहेर काढलं. हे मी आईला सांगितलं. “माणसं घालवली आणि भाजी ठेवून घेतली,” ती म्हणाली, आणि आणखी एक वाडगा मागवला.

रोंदाच्या पुलाबद्दल सगळेच लिहितात. दरीत जवळजवळ शंभर मीटर उभा आहे, मान दुखते. मला आवडली ती त्याची कुळकथा. आधीचा पूल १७३५ मध्ये झाला आणि सहा वर्षांत कोसळला. मग हा बांधायला घेतला १७५१ ला, पुरा झाला १७९३ ला. बेचाळीस वर्षं! वाचून एकदम घरच्यासारखं वाटलं.

शेवटचं सेतेनिल. इथे घरांवर अजस्र कातळ पुढे आलेला आहे, खाली रस्ता, हॉटेलं, माणसं. काही घरांना छप्पर म्हणून तो दगडच. १४०७ साली कास्तिलच्या फौजेने या गावाला वेढा घातला आणि हात हलवत परत गेली. १४८४ मध्ये ती तोफा घेऊन आली तेव्हा कुठे गाव पडलं. आमच्याकडे हॅचबॅक.

आई एका घरापुढे उतरली. उंबऱ्याशी बसलेल्या बाईला तिने वर बोट दाखवून, मग बोटांनीच पाऊस पाडून, गळतं का म्हणून विचारलं. त्या बाईने दोन्ही हात वर करून दीर्घ उत्तर दिलं. “गळतं,” आई म्हणाली. “पण वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, म्हणजे भांडण नाही.” डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत वरच्यांच्या बाथरूमवरून किती मीटिंगा झाल्या ते तिला पाठ आहे.

तेवढ्यात समोरून पावाची गाडी आली. आम्ही तोंडात तोंड घालून उभे. चालकाने आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलेल्या आरशांकडे पाहिलं. एक हात खिडकीबाहेर, कानाला फोन, त्याने ती व्हॅन अख्खी गल्लीभर उलटी नेली. भिंतीला केस लागला नाही. आरसे उघडेच.

हिने ते शेवटपर्यंत बघितलं. मग बाही सारखी केली.

“तुम्ही आत बसा,” ती म्हणाली. “आणि आरसे उघडा.”

मी निमूट बसलो. मागून आईचा आवाज आला, “इन्शुरन्सचा कागद कुठल्या कप्प्यात आहे, ते मला एकदा दाखवून ठेव रे.”