दीडशे शब्दांत मावलेला कारखाना

गेल्या रविवारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका मित्राच्या घरी आमच्या वाचनगटाची बैठक झाली. इचलकरंजीहून आलेल्या एका ताईंनी स्वतःची कथा वाचायला घेतली आणि पोह्यांच्या बश्या सगळ्यांच्या हातात पोहोचण्याआधीच ती संपलीसुद्धा. शब्द असतील जेमतेम दीडशे. त्या दीडशे शब्दांनी मला आठवडाभर सोडलेले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कथा साधी आहे. यंत्रमागाच्या कारखान्यातले जुने साधे माग भंगारवाल्याला किलोच्या भावाने विकले जात आहेत. 22 वर्षे त्यांतले चार माग चालवणारा कामगार तेच माग टेम्पोत चढवायला हात लावतो आणि कोणता माग कुठून धरला की बोट सापडत नाही, हे हमालांना सांगतो. वजनकाट्याची पावती दिवाणजींच्या हातात येते, तेव्हा तो मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांविषयी विचारतो, "दिवाणजी, माझी उचल आता कुणाकडं फेडायची?" दिवाणजी उत्तर देत नाहीत. वही उघडतात आणि त्याची मागील बाकी नव्या पानावर ओढतात. कथा इथे संपते.

या कथेत त्याची बायको नाही, मुलीची फी नाही, डोळ्यांतले पाणी नाही. काम गेले हे वाक्यसुद्धा नाही. आहे तो फक्त एक प्रश्न, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःचे नुकसान दिसण्याआधी स्वतःचे देणे दिसते. बोट सापडू नये म्हणून केलेली ती सूचना मला सगळ्यात जास्त लागली. ज्या यंत्रावर आयुष्य गेले त्याचा निरोप तो हमालांच्या बोटांची काळजी घेऊन घेतो, आणि हे लेखिका आपल्याला समजावून सांगत नाही.

हे जमते कशामुळे, याचा विचार करताना मी 'उचल' या शब्दापाशी थांबलो. आपल्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम तोडणीच्या जोडप्याला उचल देतो. ते जोडपे हिशेबात नवराबायको नसून 'एक कोयता' असते आणि हंगामभर त्यांचे हात ती उचल फेडण्यासाठी चालतात. मागावरही उचल असते, हॉटेलातल्या पोऱ्याच्या बापाचीही असते. एका शब्दात अर्धे अर्थशास्त्र आणि तीन पिढ्यांची लाचारी मावलेली असेल, तर लेखकाला पाने भरण्याची गरज उरत नाही. कोयता, खाडा, हप्ता, पंचनामा हे असेच शब्द आहेत. ज्याच्या कानात ते आहेत त्यालाच इतके थोडके लिहिणे परवडते. उपऱ्याने लिहिलेली कथा आखूड राहिली तर ती नुसती अपुरी वाटते.

थोडक्यात लिहिण्याची परंपरा आपल्या शहराला नवी नाही. शिरोड्याची शाळा सोडून 1938 साली कोल्हापुरात आलेल्या वि. स. खांडेकरांनी मराठीत रूपककथा रुजवली. पण त्या कथेचा अर्थ तिच्या पलीकडे असतो, वाचकाने तिथवर जायचे असते. मी ज्या कथांविषयी बोलतो आहे त्यांत पलीकडे काहीच नसते. वही म्हणजे वहीच आणि बाकी म्हणजे बाकीच. खांडेकरांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, आज मला हा दुसरा मार्ग अधिक अवघड वाटतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती लहान गावाची. खेड्याला आपल्याकडे ग्रामीण साहित्य मिळाले, मुंबईच्या चाळीला आणि झोपडपट्टीला तिचे लेखक मिळाले. पण हुपरी, गडहिंग्लज, कुरुंदवाड, पेठ वडगाव अशा मधल्या गावांच्या वाट्याला त्या मानाने कमी आले. तिथल्या हलाखीचा स्वभाव निराळा आहे, कारण तिथे देणेकरी आणि घेणेकरी एकाच बाजारात भाजी घेतात. किराणा दुकानदाराच्या वहीत नाव चढले की माणूस त्या गल्लीतून जायचे बंद करतो आणि एस.टी. स्टँडवर जायला लांबचा रस्ता धरतो. त्याची गरिबी त्याच्या चालण्याच्या वाटांवरून ओळखता येते. असा एक वळसा दाखवायला कादंबरी लागत नाही, आणि कादंबरीत तो हरवण्याचीच भीती अधिक.

अर्थात मोबाइलवर 'अलक', म्हणजे अति लघु कथा, म्हणून रोज जे येते, त्यातल्या बहुतेकांनी माझी निराशाच केली आहे. शेवटच्या ओळीत भिकारी दानशूर निघतो, किंवा वृद्धाश्रमातली आई मुलाच्या वाढदिवसाचा लाडू जपून ठेवते, आणि खाली पन्नास जण हात जोडतात. गरिबाला शेवटच्या ओळीत थोर करून टाकले की आपण मोकळे होतो. ताईंच्या कथेतला कामगार थोर नाही. कदाचित उद्या तो उचल बुडवेलही.

हे बोलणे सोपे आहे, हे मी स्वतःच्या हाताने शिकलो. 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या आत्याचे घर पाण्यात गेले. त्यावर मी हजारभर शब्द लिहिले होते: पंचगंगेची 43 फुटांची धोक्याची पातळी, छावणीतली खिचडी, तव्यावर वाळत घातलेले रेशनकार्ड, सगळे काही. वर्षभराने वाचले तेव्हा त्यात आत्यापेक्षा माझाच गहिवर जास्त दिसला. कापत कापत गेलो आणि शेवटी नऊ ओळी राहिल्या. पंचनाम्याला आलेला माणूस विचारतो, पाणी कुठवर होते? आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि हात डोक्याच्याही वर नेते. तो वहीत लिहीत असतो, मग त्याचे पेन अडते, तो झटकतो, पुन्हा लिहितो. तोवर आत्याचा हात वरच असतो. तव्यावरचे रेशनकार्ड गाळताना माझा जीव खालीवर झाला होता, हे कबूल करतो.

त्या दिवशी ताईंचे वाचन संपल्यावर खोलीत कुणी बोलेना. मग आमच्यातल्या एका निवृत्त सरांनी चष्मा पुसत विचारले, "पण मग त्या उचलीचे पुढे काय झाले?"

ताई म्हणाल्या, "आमच्याच गल्लीत राहतात ते, सर. पण मला नाही विचारवत."