सॉकर न आवडण्याची पूर्वतयारी

ग्रीन कार्ड हातात पडलं, घराचे हप्ते सुरू झाले, गवत कापायचं यंत्र गॅरेजमध्ये येऊन बसलं, तरी शेजारी तुम्हाला अजून पाहुणाच समजतो? उपाय आहे. त्याच्या तळघरातल्या भिंतभर टीव्हीवर कधी सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) लागलाच, तर बाराव्या मिनिटाला एक सणसणीत जांभई द्या आणि विचारा, "अजून काहीच झालं नाही का?" तो तुमच्या पाठीवर थाप मारेल, चिकन विंग्जची थाळी तुमच्याकडे सरकवेल. झालात तुम्ही त्यांचे. नागरिकत्वाच्या परीक्षेत हा प्रश्न अजून कसा नाही, कोण जाणे.

सगळे अमेरिकन सॉकरला असे कंटाळलेले नसतात, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको. सिअ‍ॅटल किंवा पोर्टलंडच्या स्टेडियममध्ये गेलात तर नव्वद मिनिटं उभं राहून गाणारी माणसं भेटतील. त्यांची संगत धरू नका. आपल्याला गुरू करायचाय तो तळघरातला माणूस, ज्याने रविवारी दुपारी एकपासून रात्री साडेअकरापर्यंत फुटबॉल (त्यांचा, अंड्याच्या आकाराचा) पाहिला आणि सोमवारी ऑफिसात सांगितलं की सॉकर फार रेंगाळतो बुवा.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही लहानपणी ट्रान्झिस्टरला कान लावून पाच-पाच दिवसांच्या अनिर्णित कसोट्या ऐकल्यात. १९७५ च्या विश्वचषकात गावसकरांनी साठ षटकं खेळून नाबाद ३६ धावा केल्या, त्याचं समर्थन करणारा एक तरी काका तुमच्या घरात आहे. अशा संस्कारांतून वर आलेल्या माणसाला नव्वद मिनिटांत कंटाळायचं म्हणजे मेहनत घ्यावी लागणार. पण घेतली तर जमतं.

सुरुवात घड्याळापासून करा. अमेरिकन खेळात घड्याळ उलटं धावतं. पंधरा मिनिटांवरून निघतं, शून्यावर येतं, भोंगा वाजतो, हिशेब मिटतो. सॉकरचं घड्याळ शून्यापासून वर चढतं आणि ४५ गाठलं तरी थांबत नाही. मैदानाच्या कडेला चौथा पंच एक पाटी उंचावतो, तिच्यावर ४ असा आकडा असतो, आणि त्या चार मिनिटांची साडेपाच होतात. खेळ नेमका कधी संपणार, हे ऐंशी हजार माणसांपैकी एकालाच माहीत, आणि त्याच्या तोंडात शिट्टी. याचा तुम्हाला संताप यायला हवा. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे वाक्य ज्यांनी घरून निघण्याआधीच फोनवर शंभरदा म्हटलंय, त्यांना वाढीव वेळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण तुम्ही न समजल्यासारखं करा. बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं पाव तास चालतात, असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की ती उत्कंठा असते.

हा संताप इतका खरा आहे की इथल्या मेजर लीग सॉकरने १९९६ मध्ये दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे घड्याळच उलटं फिरवलं. शिवाय बरोबरी हा प्रकार बंद. सामना समसमान सुटला की ३५ यार्डांवरून एक खेळाडू चेंडू घेऊन निघणार, समोर एकटा गोलरक्षक, आणि हातात पाच सेकंद. सॅन होजेला झालेला पहिलावहिला सामनाच ८८ व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य होता. मग एरिक वायनाल्डाने गोल मारला आणि आयोजकांच्या जिवात जीव आला. चार मोसम ही मिसळ चालवून पाहिली. ज्यांना सॉकर आवडत होता ते वैतागले, ज्यांना आवडत नव्हता ते फिरकले नाहीत, आणि घड्याळ पुन्हा सुलटं झालं.

दुसरा धडा अंकगणिताचा, आणि तो म्हणजे अंकगणित करायचं नाही. एनएफएलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सामना टीव्हीवर तीन तासांहून जास्त चालतो. २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने घड्याळ लावून मोजलं, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात होता तो सुमारे अकरा मिनिटं. अकरा! लग्नाच्या पंगतीत जिलबी पानावर पडेपर्यंत यापेक्षा जास्त वेळ जातो. उरलेल्या वेळात धिप्पाड माणसं घोळका करून कुजबुजतात, पांगतात, पुन्हा घोळका करतात; पंच अगदी २०२४ च्या मोसमापर्यंत साखळी आणून जमीन मोजत, तलाठ्याने मोजावी तशी; आणि एकच उडी पाच कोनांतून पाच वेळा दाखवली जाते. हे ज्याला थरारक वाटतं त्याला बावीस माणसं पाऊण तास न थांबता पळताना पाहून झोप येते. विसंगती दिसतेय? दिसू देऊ नका.

खरं सांगायचं तर मला यात विसंगती दिसतच नाही. तळघरातल्या माणसाला गोल कमी पडतात म्हणून राग येत नाही, फट मिळत नाही म्हणून येतो. त्याला खेळ तुकड्यांत हवा. एक तुकडा, मग तो काय होता हे सांगणारा माणूस, मग त्या तुकड्याचा आकडा, मग फ्रीजपर्यंत फेरी, मग पिकअप ट्रकची जाहिरात, मग पुढचा तुकडा. काय घडलं ते दर चाळीस सेकंदांनी कोणीतरी वहीत लिहून देतं. सॉकरमध्ये मिडफिल्डरने डावीकडे दोन पावलं टाकून जागा रिकामी केली आणि त्यामुळे अर्ध्या मिनिटाने दुसऱ्याच कोणाला वाट मिळाली, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं? मांडता येत नाही म्हणजे घडलंच नाही. "काहीच झालं नाही" या तक्रारीचा अर्थ "मला कोणी सांगितलं नाही" असा घ्यावा.

या फटीसाठी काय काय केलं गेलंय! १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीने पहिल्यांदा सॉकरची व्यावसायिक लीग दाखवायला घेतली. पंचाईत अशी की खेळ थांबेना आणि जाहिरात कुठे घुसवावी कळेना. शेवटी एका पंचाने कबूल केलं की एका सामन्यात दिलेल्या २१ फाऊलपैकी ११ जाहिरातींना जागा व्हावी म्हणून दिले होते. बिचारा खेळाडू विचारत असेल, माझं काय चुकलं? काही नाही रे बाळा, साबण विकायचाय. लोकांनी तेव्हा गदारोळ केला. आता काळ सुधारलाय. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक सामन्याच्या प्रत्येक अर्धात बाविसाव्या मिनिटाच्या सुमारास तीन मिनिटांची विश्रांती ठरवली, पाणी प्यायला. ऊन असो, सावली असो, वर छप्पर असो, तहान बाविसाव्या मिनिटालाच लागणार. मुहूर्त इतका पक्का काढणारे गुरुजी आपल्याकडेही दुर्मीळ.

गोलसंख्येबद्दल मात्र बोलावं लागेलच, कारण 'शून्य-शून्य' हा शब्द उच्चारताना नाक कसं मुरडायचं यावर तुमची परीक्षा होणार आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये २१-१४ असा निकाल लागला की केवढी धुमश्चक्री झाली असं वाटतं. एक टचडाऊन (चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडणं) सहा गुणांचा, वर पायाने मारायचा एक, असे सात. म्हणजे २१-१४ हा बहुधा ३-२ च असतो, सुटे करून दिलेला. वीस रुपयांना दोन हजार पैसे म्हटलं की खिसा जड वाटतो, तसं. २०१९ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, १३-३ असा संपला. आख्ख्या सामन्यात टचडाऊन एक. दहा कोटींच्या आसपास लोकांनी तो पाहिला, आणि दोन जाहिरातींच्या मध्ये तक्रारही केली, पण खेळच रद्द करा असं कोणी म्हणालं नाही. सॉकरला मात्र ही सवलत द्यायची नाही.

बरोबरीबद्दल त्यांच्यात एक म्हण आहे: बरोबरी म्हणजे सख्ख्या बहिणीचा मुका. (म्हण त्यांची आहे. राखीपौर्णिमेला घरी म्हणून दाखवू नका.) बरोबरी ही परदेशी कीड आहे असं ठासून सांगा. २००८ साली फिलाडेल्फिया आणि सिनसिनाटी यांचा एनएफएल सामना १३-१३ असा सुटला, तेव्हा फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा म्होरक्या) डोनोव्हन मॅकनॅब म्हणाला की सामना असाही संपू शकतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. तो त्याचा दहावा मोसम होता. असं निरागस मन जपायला हवं.

लोळण्यावर फार वेळ घालवू नका. खेळाडू गवतावर कोलांट्या घेऊन घोटा धरतो आणि मिनिटभरात टणाटण पळू लागतो, हे पाहून तुम्हालाही खरंच हसू येईल, इथे अभिनयाची गरज नाही. बास्केटबॉलच्या एनबीए लीगला २०१२ पासून असल्याच सोंगासाठी दंडाचा नियम करावा लागला, हा तपशील फक्त पोटात ठेवा.

आणि गोव्याचा मावसभाऊ फोनवर खेकसेल, "सॉकर काय म्हणतोस रे, फुटबॉल म्हण!" त्याला सांगा, हा शब्द इंग्रजांचाच. असोसिएशन फुटबॉलमधला 'असोसिएशन' उच्चारायचा कंटाळा आलेल्या ऑक्सफर्डच्या पोरांनी एकोणिसाव्या शतकात तो पाडला. इंग्लंडने वापरून टाकून दिला, अमेरिकेने धुऊन ठेवला. भाऊ गप्प होईल आणि मग विषय बदलून आंब्यांकडे वळेल.

एवढं करूनही कोणी खोदून विचारलं, की नेमकं खुपतं काय, तर हुकमी पान टाका: सॉकर हा समाजवादी खेळ आहे. हा शोध माझा नाही. विश्वचषक अमेरिकेत भरवण्यासंबंधीचा ठराव १९८६ मध्ये संसदेत आला, तेव्हा न्यूयॉर्कचे खासदार जॅक केम्प यांनी उभं राहून सांगितलं की फुटबॉल म्हणजे लोकशाही नि भांडवलशाही, आणि सॉकर म्हणजे युरोपातला समाजवाद. थट्टेत म्हणाले असतील, पण थट्टेला वंश फुटला आणि तो अजून नांदतोय.

आता या भांडवलशाहीचं स्वरूप नीट समजून घ्या, म्हणजे बोलताना जीभ अडखळणार नाही. एनएफएलमध्ये ३२ संघ. टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सगळ्यांत सारखा वाटतात, थाटात जिंकलेला असो की कुडकुडत हरलेला. खेळाडूंवर किती खर्च करायचा याला वरून मर्यादा. जो संघ तळाला जाईल त्याला शिक्षा म्हणून पुढच्या वर्षी कॉलेजांतून येणाऱ्या पोरांमधला सगळ्यांत गुणी पोरगा पहिल्यांदा निवडायचा मान. म्हणजे नापास झालेल्याच्या शेजारी बोर्डात आलेला मुलगा बसवून द्यायचा. लीगमधून कोणाला काढत नाहीत, दारातून कोणी नवा आत येत नाही. आणि युरोपातला तो समाजवाद? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, त्यांतले शेवटचे तीन दरवर्षी खालच्या इयत्तेत ढकलले जातात, टीव्हीचे पैसे गेले, खेळाडू गेले, कधी कधी क्लबच गेला. खालून भुकेले तीन वर येतात. इतका निर्दय समाजवाद तर मॉस्कोलाही जमला नव्हता.

केम्पसाहेब स्वतः बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक होते, १९६४ आणि १९६५ सालच्या विजेत्या संघाचे. त्या संघाचा किकर होता पीट गोगोलाक, हंगेरीतून आलेला पोरगा. तोवर अमेरिकन किकर समोरून धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारत. हा तिरका येई आणि पायाच्या वरच्या भागाने मारी, थेट सॉकरसारखा. सगळे हसले. आज एनएफएलमधला झाडून प्रत्येक किकर तसाच मारतो, आणि शेवटच्या सेकंदाला सामना जिंकायचा असला की धिप्पाडांना बाजूला सारून त्या सडपातळ माणसाला बोलावतात. म्हणजे समाजवादाने गुण मिळवले नि भांडवलशाहीने चषक उचलला. हे तळघरात सांगितलंत तर विंग्जची थाळी परत जाईल.

एक जागा मात्र टाळा, पॅसाडिनाचं रोझ बोल स्टेडियम. त्याचा विषयच नको. १९९४ च्या विश्वचषकाची अंतिम लढत तिथे झाली, ब्राझील आणि इटली, जादा वेळ धरून १२० मिनिटं, गोल शून्य. मग पेनल्टी, बॅज्जोचा फटका बारवरून आकाशात. नव्वद हजारांवर माणसं. पाच वर्षांनी त्याच मैदानावर महिलांचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध चीन. पुन्हा १२० मिनिटं, पुन्हा शून्य-शून्य, पुन्हा पेनल्टी, पुन्हा नव्वद हजारांवर माणसं. अमेरिका जिंकली. तळघरातला शेजारी त्या दिवशी टीव्हीपुढे उभा होता, बसला नव्हता, असं त्याची बायको सांगते. त्याला विचारलं तर म्हणतो, ते वेगळं होतं.

राहता राहिला शनिवार सकाळ. तुमची मुलगी आणि त्याची मुलगी एकाच संघात आहेत, वय वर्षं अकरा. नऊ वाजता घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि सोललेल्या संत्र्यांचा डबा घेऊन मैदानाच्या कडेला हजर राहावं लागतं. गवत ओलं, वारा बोचरा, गोल शून्य-शून्य, पाऊण तास उलटून गेलेला. इथे जांभईचा सराव करायला उत्तम संधी आहे. शेजारी खुर्ची सोडून रेषेवर पोचलाय, कॉफी गवतावर सांडलीय, आणि तो तुमच्या मुलीला नावाने हाका मारत "वाइड जा, वाइड!" असं ओरडतोय. त्याला कोणीतरी आठवण करून द्यायला हवी की अजून काहीच झालेलं नाही. तुम्हीच द्यायची, पण जरा थांबा, कॉर्नर मिळालाय.