मसुराएवढी किडनी कुणाला बसवणार?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार ग्रुपांतून आला. मी सोडून दिला असता, पण तो मावशीपर्यंत पोचला. मावशी दीड वर्ष डायलिसिसवर आहे. मामा स्वतःची किडनी द्यायला तयार आहे, दोघांच्या तपासण्या अर्ध्यावर आल्यात. आणि परवा ती मला म्हणते, "अरे, त्याचं पोट कशाला फाडायचं? दोन वर्षांत माझ्याच पेशींची नवी किडनी मिळणार आहे म्हणे. तोवर काढते की दिवस."

मेसेजचा मथळा: 'शास्त्रज्ञांनी ऑर्गनॉइड बनवले, अवयवदात्याची गरज संपली!' त्याखाली आणखी चार दावे आणि एक गुलाबी फोटो.

आधी किडनीचंच बघू. मूलपेशींना (स्टेम सेल, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) योग्य रसायनं आणि आधार दिला की त्या आपोआप रचत जातात आणि अवयवासारखा बारीक गोळा तयार होतो. तो ऑर्गनॉइड. यातला 'सारखा' हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याने खाल्ला.

2015 साली मेलबर्नच्या मेलिसा लिटल यांच्या गटाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात किडनीच्या ऑर्गनॉइडवर शोधनिबंध छापला. काम थक्क करणारंच आहे: गोळ्यात नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, आहेत, वेगवेगळ्या नलिका आहेत. पण त्याच निबंधात हेही आहे की कोणती जनुकं चालू आहेत हे तपासलं, तर हा गोळा पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीशी जुळतो. गर्भाच्या! मोठ्या माणसाच्या एका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. बशीतल्या या गोळ्यात रक्तच फिरत नाही. बाहेरून झिरपणारा ऑक्सिजन मिलिमीटरच्या अंशापर्यंतच पोचतो, त्यामुळे गोळा मोठा करायला जावं तर आतल्या पेशी मरतात. आणि समजा काही गाळलंच, तर ते जाणार कुठे? मूत्रवाहिनी नाही, मूत्राशयाला जोड नाही. न्हाणीघर बांधलं, पण नळही नाही आणि मोरीही नाही.

2015 नंतर सुधारणा झाल्या आहेत, उंदरांत रोपण करून गोळ्यात रक्तवाहिन्या शिरल्याचंही दिसलं आहे. पण अशी किडनी आजवर एकाही माणसाला बसवलेली नाही. 'दोन वर्षांत' हा आकडा कुठून काढला हे मेसेजात नाही. असणार कुठून? आणि त्या आकड्यावर विसंबून घरातला दाता थांबवायचा?

दुसरा दावा: कॅन्सरचं औषध आधी ऑर्गनॉइडवर तपासता येतं. यात तथ्य आहे, मान्य करावं लागेल. रुग्णाच्याच गाठीपासून गोळे वाढवायचे आणि औषधं त्यांच्यावर घालून बघायची. 2018 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या पोटा-आतड्यांच्या पसरलेल्या कॅन्सरच्या अभ्यासात, जी औषधं गोळ्यांवर चालली नाहीत त्यातलं एकही रुग्णावर चाललं नाही; जी चालली, त्यातली 88 टक्के रुग्णांवरही चालली. पण रुग्ण मोजके होते, आणि अशा गोळ्यात सहसा रोगप्रतिकारक पेशी नसतात, म्हणजे इम्युनोथेरपीबद्दल (याच पेशींना कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराबद्दल) तो फारसं सांगू शकत नाही. गोळे वाढायला आठवडे लागतात, तेवढा वेळ प्रत्येक रुग्णाकडे नसतो. मेसेजात अर्थातच 'शंभर टक्के खात्री' आहे.

तिसरा: 'बशीतल्या मेंदूने व्हिडिओ गेम खेळला.' 2022 चा तो प्रयोग इलेक्ट्रोडवर पसरलेल्या चेतापेशींच्या सपाट थराचा होता, ऑर्गनॉइड नव्हताच. 2013 मधले मेंदूचे पहिले ऑर्गनॉइड जास्तीत जास्त 4 मिलिमीटर वाढले. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. पुढे बोलायला नको.

चौथा: 'आता एकाही प्राण्याचा बळी नाही.' मला हसू आलं ते इथे. हे गोळे ज्या जेलीत वाढवतात ती बहुतेक ठिकाणी मॅट्रिजेल असते, आणि मॅट्रिजेल काढतात उंदराच्या गाठीतून. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलला हे खरं. त्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, चाचण्यांवर बंदी घातली नाही. यकृताला घातक औषध ऑर्गनॉइड लवकर पकडू शकतो. पण तेच औषध रक्तदाबाचं काय करेल, हे एकट्या यकृताच्या गोळ्याने कसं सांगावं?

पाचवा दावा म्हणजे 'म्हणून आजच स्टेम सेल बँकेत पैसे भरा.' मेसेज कशासाठी फिरतोय ते इथे कळतं. ऑर्गनॉइड प्रौढ माणसाच्या आतड्याच्या तुकड्यापासून बनतात, त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना मूलपेशी करूनही बनतात. त्यासाठी काहीही आधीपासून साठवून ठेवावं लागत नाही.

मावशीला हे फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो फोटो? एवढी मोठी किडनी दिसतेय ती?" मी तिला फोटो मोठा करून उजवा खालचा कोपरा बघायला सांगितला. तिथे एक बारीक पांढरी रेघ आहे, त्याखाली लिहिलंय 500 मायक्रोमीटर.

"म्हणजे केवढं?"

"अर्धा मिलिमीटर, मावशी."

मामाच्या उरलेल्या तपासण्या सोमवारी आहेत.