भट्टीवरचं गणित : वेंगुर्ल्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. काजू कारखान्याच्या हिशेबावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि मग सासऱ्यांनाही वाचून दाखवली. ते म्हणाले, "माणूस भट्टीवरचा आहे, नीट उत्तर दे." म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितेय.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही वेंगुर्ल्याजवळ २२ वर्षं काजू फोडताय. बी आपल्याकडे मार्च ते मे एवढीच येते, तेव्हा एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारं खरेदीचं पुस्तकी सूत्र इथे लावणं चूक आहे, असं तुमचं म्हणणं. कोकणातला धंदा ओळखीवर आणि उधारीवर चालतो, अचूक आकडे कोणाकडे नसतात, हेही तुम्ही लिहिलंत. सगळ्यात लागलं ते पुढचं वाक्य : "तुमच्या गणितात सोलणाऱ्या बायका खर्चाच्या रकान्यात जाऊन बसतात." आणि शेवट केलात, "ह्यां सगळां पुस्तकात बरां दिसतां, भट्टीर चलणा नाय."

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि माझं चुकलं. अमेरिकन इंजिनिअर फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलेलं खरेदीचं सूत्र असं धरून चालतं की माल वर्षभर मिळतो आणि साधारण एकाच भावाने मिळतो. काजू बीच्या बाबतीत यातलं काहीच खरं नाही. तो परिच्छेद मी मूळ लेखातून काढलाय आणि तिथे तुमच्या आक्षेपाचा उल्लेख केलाय.

पण सूत्र चुकलं म्हणून हिशेबच सोडून द्यावा, हे मला पटत नाही. सीझनला सगळी बी भरावी लागते, म्हणूनच तर ती गोदामात किती दिवस पडून आहे आणि त्या दिवसांची किंमत काय, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त मोजावं लागतं. माझ्या वहीतले आकडे सोपे करून देते. बी १३० रुपयांनी घेतली. अंगणात वाळवल्यावर १०० किलोची ९४ किलो राहिली. म्हणजे गोदामात जाताना ती किलोला १३८ रुपये ३० पैशांना पडली. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, ११ टक्क्यांचं, त्याचं व्याज महिन्याला किलोमागे १ रुपया २७ पैसे. गोदाम, विमा, पोती यांचे ३० पैसे धरा. एप्रिलला भरलेली बी डिसेंबरला फोडली तर आठ महिन्यांत किलोमागे साडेबारा रुपये चढले. गराचा उतारा, म्हणजे बीच्या वजनातून निघणारा गर, २७ टक्के धरला, तर एक किलो गरावर हा बोजा ४६ रुपयांच्या पुढे जातो. हे पैसे कोणी हातात मागत नाही. ते मार्चअखेरीस बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एका ओळीत येतात, आणि तेव्हा ते कुठल्या पोत्याचे हे कोणालाच सांगता येत नाही.

माझे सासरे मुठीत बी घेऊन, हलवून, नुसत्या आवाजावरून ती वाळलीय की नाही सांगतात. ती नजर, तो कान माझ्याकडे नाही आणि त्याची जागा वही घेईल असंही मी मानत नाही. पण दिवसाला आवाज नसतो. तो मोजावाच लागतो.

मोजल्यावर आम्ही काय बदललं? आधी वर्षभराच्या अंदाजाने ४० टन बी भरायचो. महिन्यावार विक्री मांडली तेव्हा दिसलं की आमच्या नावाने जाणारा माल मुख्यतः मे महिन्यात पर्यटकांना आणि पुढे गणपती ते दिवाळीत खपतो. जानेवारी-फेब्रुवारीत जातो तो घाऊक माल, आणि त्या गिऱ्हाइकाला वेंगुर्ल्याचं नाव नको असतं. त्या घाऊक मालासाठी लागणारी ८ टन बी आता आम्ही सीझनला भरत नाही. टांझानियाचं पीक ऑक्टोबर ते जानेवारीत निघतं, ती बी व्यापाऱ्याकडून लागेल तशी घेतो, वेगळ्या पोत्यात ठेवतो आणि वेगळी म्हणूनच विकतो. २०१६ मध्ये वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव घेऊन दुसरा माल विकणं मला पाप वाटतं. या एका निर्णयाने एप्रिलमध्ये ११ लाख रुपये कमी अडकले. एखाद्या वर्षी डिसेंबरचा भाव १५१ रुपयांच्या (१३८ रुपये ३० पैसे अधिक वर चढलेले साडेबारा) वर गेला तर भरून ठेवणाराच जिंकेल, हे मला मान्य आहे. तो १५१ चा आकडा मात्र आता मला एप्रिलमध्येच माहीत असतो.

भावाइतकाच जीव उताऱ्यात आहे आणि यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मला राहवत नाही. निर्यातीचे व्यापारी ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो ते सांगतात. ४८ पौंड म्हणजे सुमारे २७ टक्के. उतारा २४ टक्क्यांवर आला तर वरच्याच १३८ रुपये ३० पैशांच्या बीचा एक किलो गर ५१२ ऐवजी ५७६ रुपयांना पडतो. बीच्या भावात एक-दोन रुपयांसाठी आपण तासभर घासाघीस करतो आणि इथे ६४ रुपये न बोलता देऊन बसतो. टेम्पोत वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची आणि गावठी अशी चार बागांची बी एकत्र असते. वरच्या एका पोत्यातली मूठभर फोडून काय कळणार? आम्ही आता वेगवेगळ्या थरांतल्या चार पोत्यांतून किलो-किलो बी काढून, फोडून, वजन करतो. एका नमुन्यात जेवढी चूक होऊ शकते, चारांच्या सरासरीत ती साधारण निम्मी होते. त्याहून निम्मी करायची तर सोळा नमुने लागतील आणि तेवढा वेळ टेम्पोवाला थांबत नाही. चारच पुरे.

आता उधारी. ओळखीच्या माणसाला दिवस मोजून दाखवणं आपल्याकडे बरं दिसत नाही, हे खरं. म्हणून मी त्याला दाखवत नाही, स्वतःपुरती मोजते. आमचा एक जुना घाऊक गिऱ्हाईक किलोला २० रुपये जास्त द्यायचा, पण पैसे यायचे ९५ दिवसांनी. दुसरा कमी भावाचा, तो दहाव्या दिवशी पैसे टाकायचा. घरात सगळ्यांना पहिला मोठा वाटायचा. ८०० रुपयांच्या मालावर ८५ दिवसांचं ११ टक्क्यांनी व्याज काढलं, तर साडेवीस रुपये आलं. म्हणजे तो २० रुपये जास्त देत नव्हता, आमचेच पैसे वापरून आम्हालाच परत देत होता. मी त्याच्याशी भांडले नाही. ६० दिवसांवर ये, भाव तोच ठेवू, एवढंच सुचवलं. तो ७० वर आला. नातं टिकलं.

कायदाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. तो बडगा उगारायची वेळ माझ्यावर आली नाही, पण बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक छापायला लागल्यापासून मुंबईचे दोन दुकानदार आपणहून लवकर देऊ लागले. तुमचा क्रमांक बिलावर नसेल तर छापून घ्या.

अचूक आकडे नसतात म्हणालात. या विषयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. हॅरिसचं सूत्र बीला लागत नसलं तरी पाऊचला लागतं, कारण पाऊच कधीही मिळतात. आम्हाला वर्षाला २४,००० पाऊच लागतात. प्रत्येक ऑर्डरमागे छपाई आणि वाहतूक मिळून १,५०० रुपये, आणि एक पाऊच वर्षभर पडून राहिला तर ८० पैसे. सूत्र सांगतं, एका वेळी साडेनऊ हजार मागवा, वर्षाचा खर्च सुमारे ७,६०० रुपये. पण ८,००० मागवले तर खर्च ७,७०० होतो आणि १२,००० मागवले तर ७,८००. फरक पडतो तो एकदम २४,००० मागवल्यावर, तेव्हा ११,१०० होतात. म्हणजे उत्तराच्या आसपासची जमीन सपाट आहे. तुमचा अंदाज वीस-पंचवीस टक्क्यांनी चुकला तरी नुकसान किरकोळ. आम्ही मात्र स्वस्त पडतात म्हणून दरवर्षी २४,००० च मागवत होतो.

आणि आता त्या बायका.

तुमचं वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प होते, कारण असं होतं, मी पाहिलंय. किलोमागे मजुरी आणि तुकड्यामागे बोलणी, हे हिशेबाच्या नावाखालीच चालतं. पण आमच्याकडे जे घडलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात सोलणीला तुकडा वाढला. डब्ल्यू ३२० या प्रतीचा अख्खा गर मोडून पाकळी किंवा तुकडा झाला की भाव पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या मुकादमाने एका बाईवर बोट ठेवलं. तिचा हात जड आहे, तिला भरणीवर पाठवा, म्हणाला. भरणीवर मजुरी कमी. ती बाई आमच्याकडे अकरा वर्षं आहे.

मी एवढंच केलं, की पंचवीस दिवस प्रत्येकीच्या पाटीतला तुकडा रोज संध्याकाळी वेगळा तोलला आणि कागदावर ठिपके काढले. ही पद्धत अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टची, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी त्याने १९२४ मध्ये काढलेली. रोजची थोडी खालीवर होणारी चढउतार कुठपर्यंत नेहमीची आणि कुठून पुढे काहीतरी वेगळं घडलंय, याच्या दोन रेषा ती आखून देते. आमची सरासरी ९ टक्के निघाली, रेषा ५ आणि १३ वर. त्या बाईचे ठिपके एरवी ७ ते १२ मध्ये होते. सगळ्यांचे तसेच होते. रेषेबाहेर गेले ते फक्त चार दिवस, आणि त्या चारही दिवशी एकीचा नव्हे, सगळ्या बायकांचा तुकडा १५ च्या वर होता.

एकाच दिवशी चौदा जणींचे हात जड होत नाहीत. ड्रायरची वही काढली. त्या चार दिवसांच्या आदल्या रात्री वीज गेली होती आणि परत आल्यावर उशीर भरून काढायला ड्रायर जास्त तापवला होता. गर कोरडा ठणठणीत होऊन बोट लागताच मोडत होता. मुकादमाचंही चूक म्हणता येणार नाही. तुकडा दिसायचा सोलणीच्या पाटीवर, म्हणून दोष तिथेच दिसला. आता वीज गेली की ती खेप दुसऱ्या दिवसावर ढकलतो आणि सोलणीच्या बायकांना त्या दिवसाची हजेरी देतो. ती बाई सोलणीवरच आहे. तो कागद मी तिला समजावून सांगितला, तेव्हा तिने स्वतःचे ठिपके बोटाने एक एक करून मोजले.

तुम्ही लिहिलंत की एवढं करण्यापेक्षा मी दुसरं कटिंग मशीन घ्यावं. आमच्याकडे सोलणीसमोर रोज ६०० किलो माल पडलेला असतो आणि दिवसाला १०० किलोच सोलून होतो. म्हणजे फोडलेला गर सहा दिवस वाट पाहतो. फोडायचा वेग वाढवला तर तो दहा दिवस वाट पाहील, विक्री तेवढीच राहील. पैसे आले तर आधी सोलणीच्या खोलीत उजेड आणि आणखी चार जणींची जागा.

तुमच्याकडे तीन सीझनच्या काट्याच्या पावत्या आहेत, असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्यांवर वाळवणीनंतरचं वजन नसेल तर या मार्चपासून फक्त तेवढी एक नोंद जास्त करा. मी होळीनंतर वेंगुर्ल्याच्या बाजाराला येणार आहे. तुम्हाला चालत असेल तर तुमच्या भट्टीवर येते, पावत्या समोर ठेवून बसू. सासरेही येतो म्हणतायत, त्यांना तुमची बी मुठीत घेऊन ऐकायची आहे.